डिटेक्टर घ्यायचाय? आधी कानाचा आलेख काढा

मेटल डिटेक्टर दाखवणारा माणूस सुरुवात खोलीपासून करतो. नाणं इतक्या इंचांवर, हंडा इतक्या फुटांवर. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या दृष्टीने हा आकडा दुय्यम आहे. कॉइलने, म्हणजे जमिनीलगत फिरवायच्या चकतीने, वीतभर खोलवरची अंगठी बरोबर पकडली, पण तिची खूण ज्या स्वरात वाजली तो स्वरच तुमच्या कानातून गेलेला असेल, तर अंगठी जागच्या जागी राहते आणि तुम्ही पुढची सरी धरता. म्हणून यंत्र बघायच्या आधी कानाचा आलेख, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा कागद, बघायचा. त्यात जी पट्टी शाबूत आहे तिथे ज्याचे स्वर आणून बसवता येतात ते यंत्र घ्यायचं. हाताला जाणवणारी थरथर, पडद्यावरचे आकडे, हेडफोन, हे सगळं त्याच्या मदतीला.

आम्ही वाळवा, पलूस, तासगाव आणि कराडच्या बाजूला हे काम करतो. उसाच्या सरीत पडलेली अंगठी, बांधावर तुटलेलं मंगळसूत्र, रोटाव्हेटरची पाती मोडणारं जमिनीतलं लोखंड, मातीखाली गेलेलं पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचं झाकण, असा मामला. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे कान कारखान्याची मिल, फाउंड्री, हळद पॉलिश करायचे ड्रम आणि बिनकेबिनचे ट्रॅक्टर यांनी घालवलेत. त्यामुळे यंत्र घेताना काय तपासायचं याचा एक ठरलेला क्रम झालाय, तोच इथे मांडतोय.

ही अडचण यंत्राच्या जन्मापासूनची आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी जे यंत्र नेलं, त्याची खूण टेलिफोनच्या रिसीव्हरला कान लावून ऐकायची होती. गोळी काही सापडली नाही. पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात. बेल हे मूकबधिरांचे शिक्षक, त्यांच्या आईला आणि बायकोला दोघींनाही ऐकू येत नव्हतं, आणि तरी त्यांचं यंत्र कानाशीच बोललं. पुढच्या कंपन्यांनीही बराच काळ तोच शिरस्ता चालवला. हाताला थरथर देणारी मॉडेल्स सहज मिळायला लागली ती अलीकडे.

आता आलेख. मिरजेत, सांगलीत किंवा साताऱ्यात कानाच्या डॉक्टरांकडे प्युअर टोन ऑडिओमेट्री करून घ्या आणि कागद मागून घ्या. ‘पन्नास टक्के गेलंय’ एवढ्या निरोपावर आपलं काम होत नाही. कागदावर आडवे आकडे हर्ट्झचे असतात, २५० पासून ८००० पर्यंत. उभे आकडे डेसिबलचे, वरून खाली वाढत जाणारे. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा लागतो. २५ पर्यंत काळजी नाही. ४० च्या खाली खूण गेली की मोकळ्या रानात, वाऱ्यात, बारीक खुणा सुटायला लागतात.

आमच्या भागात तीन आकार सारखे दिसतात. यंत्रांच्या गोंगाटाने गेलेल्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला असतो, खालचे स्वर बरे असतात. वयाने गेलेल्या कानात २००० पासून पुढे उतार लागतो. आणि लहानपणापासून कान वाहिलेला, पडद्याला भोक असलेला माणूस असेल तर खालचे-वरचे सगळेच स्वर दबलेले असतात, पण हाडावाटे घेतलेल्या चाचणीच्या खुणा बऱ्यापैकी वर असतात. या तिघांना एकच डिटेक्टर आणि एकच हेडफोन सुचवणारा माणूस विक्रीचं बघतोय एवढं समजावं.

समजा ५०० ला २५, १००० ला ३०, २००० ला ४५ आणि ४००० ला ७५ डेसिबल असा आलेख आहे. या माणसाची कामाची पट्टी २५० ते १००० हर्ट्झ. लोखंडाचा, सोन्यासारख्या, पडद्यावर कमी आकडा दाखवणाऱ्या धातूचा आणि चांदी-तांब्याचा असे तीनही स्वर या पट्टीत बसले पाहिजेत, आणि एकमेकांपासून लांब बसले पाहिजेत. आतला कान खराब झाला की जवळजवळचे दोन स्वर वेगळे ओळखणंही अवघड होतं, आवाज कितीही वाढवला तरी. म्हणून दोन स्वरांत किमान सा ते प एवढं अंतर ठेवावं. २५०, ५०० आणि ८०० हा सुरुवातीचा चांगला संच आहे.

हर्ट्झचे आकडे ज्यांच्या अंगवळणी नाहीत त्यांनी भजनी मंडळाची पेटी घ्यावी. पांढरी एक पट्टीत मध्य सप्तकाचा सा साधारण २६१ हर्ट्झ, तार सा ५२३, त्याच्यावरचा सा हजाराच्या जरा वर. डोळे मिटून बसा, दुसऱ्याला एकेक सूर हळू वाजवायला सांगा, कुठला स्पष्ट आणि कुठला नुसता ‘काहीतरी वाजतंय’ असा लागतो ते लिहून काढा. कानात सतत किणकिण किंवा शिट्टी वाजणाऱ्यांनी ती कुठल्या सुराजवळ आहे तेही शोधावं. डिटेक्टरचा स्वर तिच्या जवळ लावला तर तो तिच्यातच बुडतो.

मग डिटेक्टरचे स्वर मोजायचे. माहितीपत्रकात ‘तीन टोन’, ‘पाच टोन’ एवढंच असतं, हर्ट्झ बहुधा नसतात. फोनवर तंबोरा-गिटार जुळवायचं ट्यूनर ॲप घ्या, फोन विमान मोडमध्ये टाका आणि यंत्राच्या स्पीकरजवळ धरा. कॉइलपासून मात्र लांब. कॉइल हवेत धरून तिच्यासमोरून एक खिळा, एक बंद पितळी कडी आणि चांदीचं काही फिरवा. ॲप हर्ट्झ दाखवतं. तुमच्या पट्टीबाहेरचा स्वर निघाला तर विचारायचा प्रश्न एकच: हा स्वर खाली आणता येतो का?

इथे यंत्रांत मोठा फरक पडतो. गॅरेटच्या एस २५० सारख्या साध्या यंत्रात स्वर कंपनीने ठरवलेले, बदलता येत नाहीत. मायनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० मध्ये वेगवेगळ्या गटांचा स्वर १ ते २५ या पट्टीत वर-खाली करता येतो आणि लोखंडाचा गट कुठे संपतो ती सीमाही हलवता येते. नोक्ताच्या लिजेंडमध्येही स्वर बदलता येतात, शिवाय मुठीत थरथर आहे. नोक्ताचं सिंप्लेक्स प्लस हे १२ किलोहर्ट्झच्या एकाच वारंवारतेवर (ही कॉइलची, कानाला येणाऱ्या स्वराची नव्हे) चालणारं, साधारण १.३ किलो वजनाचं सोपं यंत्र. थरथर त्यातही आहे. मायनलॅबने इक्विनॉक्स ९०० मध्ये थरथर दिली, ८०० मध्ये ती नव्हती. जुनं यंत्र हातावर घेताना हा फरक ध्यानात ठेवावा, कारण बाहेरून दोन्ही सारखीच वाटतात.

‘काका, आवाज वाढवून घ्या की’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. आतला कान खराब असलेल्याला बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा झाला की एकदम कानात घुसतो. मधली जागाच आकसलेली असते. सगळा आवाज वाढवला की पत्र्याच्या तुकड्यावर कॉइल गेल्यावर माणूस हेडफोन ओढून काढतो. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. लोखंडाचा आवाज वेगळा कमी करता येतो का? खोल आणि उथळ वस्तू एकाच मोठेपणाने वाजवायची सोय आहे का? साध्या मांडणीत खोल वस्तू बारीक वाजते आणि तेच आपल्याला नको असतं. आणि यंत्र एका वस्तूवरून सावरून दुसऱ्या वस्तूला तयार व्हायचा वेग, म्हणजे रिकव्हरी स्पीड, कमी करता येतो का? वेग कमी केला की ‘टिप’ची ‘टूंऽ’ होते, खूण लांबते आणि कानाला सापडते. याची किंमतही आहे. खिळ्यांनी भरलेल्या जागेत, म्हणजे जुन्या गोठ्याच्या किंवा गुऱ्हाळाच्या जागेवर, लांबलेल्या खुणा एकमेकींत मिसळतात आणि लोखंडाशेजारची अंगठी झाकली जाते. तिथे वेग परत वाढवून पडद्यावर भिस्त ठेवावी लागते. सगळे आवाज एकाच मोठेपणाचे केल्यावर खोलीचा अंदाजही जातो. तो कॉइल हळूहळू वर उचलून घ्यायचा. खूण लगेच तुटली तर वस्तू लहान किंवा खोल, हातभर वर नेली तरी टिकली तर मोठं काहीतरी, बहुधा पत्रा.

काही यंत्रांत सतत एक मंद गुणगुण ठेवतात, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. तज्ज्ञ मंडळी तिच्यातल्या बारीक चढउतारावरून खोल वस्तू ओळखतात. ४५-५० डेसिबलच्या पुढे ज्यांची घट आहे त्यांनी तिच्या मागे लागू नये. ऐकू येण्याइतकी ती मोठी केली की दिवसभर कान शिणतो आणि खूण तिच्यातच झाकते. बंदच ठेवावी.

थरथरीबद्दल दुकानात बोलतात त्यापेक्षा ती कमी सांगते. खाली धातू आहे एवढं ती कळवते. लोखंड की सोनं हे तिच्यातून कळत नाही. खोल, दुबळ्या खुणेवर तर मुठीत येणारं स्पंदन इतकं हलकं असतं की झाडणी, म्हणजे कॉइल डावी-उजवी फिरवणं, चालू असताना हाताला लागतच नाही. जाड हातमोजा घातला तर गेलंच. म्हणून झाडणी हळू हवी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभर अंतराला दीड सेकंद तरी. थरथर लागली की थांबायचं, त्याच जागेवर आडवी-उभी झाडणी करायची आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा. आकडा दोन्ही दिशांनी स्थिर राहिला तर खणायचं. उड्या मारत राहिला तर बहुधा गंजकं किंवा चपटं लोखंड. इक्विनॉक्स ८०० वर आकडे उणे ९ ते ४०, सिंप्लेक्सवर ० ते ९९, त्यामुळे एका यंत्राचे पाठ केलेले आकडे दुसऱ्यावर चालत नाहीत. पडदा मार्च-एप्रिलच्या उन्हात बघूनच यंत्र घ्यावं. आणि पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून बघावा; काही कोनांत पडदा चक्क काळा दिसतो.

कानाचं मशीन वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. आजची डिजिटल मशीनं माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेली असतात. एकसुरी, लांब आवाज आला की त्यांना तो गोंगाट किंवा स्वतःची शिट्टी वाटते आणि ती तो दाबून टाकतात. डिटेक्टरची खूण नेमकी तशीच असते. मग रानातून येऊन माणूस सांगतो, यंत्र सुरुवातीला वाजतं आणि मग थंड पडतं, किंवा आवाज थरथरतो. दोष डिटेक्टरचा नसतो. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्यावा. त्यात गोंगाट दाबणं आणि शिट्टी दाबणं बंद किंवा कमी केलेलं असतं. डिटेक्टर सोबत घेऊन गेलात आणि खोलीत खिळा-कडी फिरवून दाखवलीत तर त्यांनाही काम सोपं जातं. आणखी एक सोय काही मशीनांत असते: ऐकू न येणारे वरचे स्वर ओढून खालच्या पट्टीत आणायचे. बोलणं समजायला ती चांगली, पण डिटेक्टरचे दोन वेगळे स्वर त्यामुळे जवळजवळ एकाच उंचीवर येऊ शकतात. या कामाच्या प्रोग्रॅममध्ये ती बंद करून बघावी.

कानामागे बसणाऱ्या मशीनचा माइक कानाच्या वरच्या टोकाला असतो. त्यावर लहान, दाबून बसणारा हेडफोन घातला की शिट्टी सुरू होते. पूर्ण कान आणि मशीन दोन्ही आत मावतील असा मोठ्या वाटीचा, सैल हेडफोन लागतो. तो घालून मान हलवून, जबडा हलवून बघावं. मशीन काढून ठेवून नुसत्या हेडफोनवर काम करणंही मध्यम घटीपर्यंत जमतं, पण मग समोरच्याचं बोलणं बंद. हाडावाटे आवाज देणारे हेडफोन (एक्सपी कंपनी तिच्या ड्यूस २ या डिटेक्टरसाठी असे देते) कान वाहिलेल्या, पडदा खराब असलेल्या माणसाला फार उपयोगी, कारण बिघाड बाहेरच्या वाटेवर असतो आणि हाड तो ओलांडून जातं. गोंगाटाने किंवा वयाने गेलेल्या कानाला त्यांचा खास फायदा नाही. तिथे आतलाच कान दुबळा असतो.

एकाच कानाने ऐकू येणाऱ्यांनी हेडफोनची पिन तपासावी. बऱ्याच डिटेक्टरांना ६.३५ मिलिमीटरची जाड पिन लागते, आपल्याकडचे हेडफोन ३.५ चे. मधला ॲडॉप्टर मोनो-स्टिरिओ चुकला की आवाज एकाच बाजूला येतो. तो चांगल्या कानाच्या बाजूला आला तर ठीक, नाहीतर यंत्र मुकं आहे असं वाटतं.

ब्लूटूथची मोह पाडणारी गोष्ट म्हणजे वायर नाही. साध्या ब्लूटूथने आवाज पोहोचायला सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. कॉइल सेकंदाला मीटरभर वेगाने फिरत असेल तर खूण ऐकू येईपर्यंत ती २० सेंटीमीटर पुढे गेलेली असते, आणि खड्डा तिथे पडतो. उभ्या पिकात दुसऱ्याच्या शेतात खणताना हे परवडत नाही. कमी विलंबाची ॲप्टएक्स पद्धत यंत्र आणि हेडफोन दोन्हींत असेल तर विलंब साधारण ०.०४ सेकंदावर येतो, म्हणजे चारेक सेंटीमीटर. एकात असून दुसऱ्यात नसेल तर काही उपयोग नाही. डिटेक्टरचा आवाज थेट कानाच्या मशीनमध्ये जाईल असं गृहीत धरून पैसे देऊ नयेत; समोर जोडून दाखवला तरच. आमचं मत विचाराल तर वायर बरी.

कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) किंवा पेसमेकर असलेल्यांनी खरेदीच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तू नेमकी शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर, छातीच्या खिशात ठेवायची सवय तर नकोच.

आता जमीन. आपली सगळी माती बेसॉल्टातून आलेली, त्यात लोहखनिज भरपूर. चाळकेवाडी-कासच्या बाजूला वर जांभा आहे, तिथे तर नुसत्या दगडावरही यंत्र कुरकुरतं. ही कुरकुर घालवायला ग्राउंड बॅलन्स करतात: वस्तू नसलेल्या जागेवर कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर ते वीतभर अशी वर-खाली करायची आणि आवाज सपाट होईपर्यंत जुळवायचं. हे ‘सपाट’ कानाने ठरवायचं असेल तर आपल्याला जमणार नाही. म्हणून स्वयंचलित ग्राउंड बॅलन्स हवाच, आणि तो झाल्याचा आकडा पडद्यावर दिसला पाहिजे. काळ्या रानातून मुरमाड पट्टीत शिरलात, किंवा पाटाने भिजलेल्या भागात आलात की पुन्हा करायचा.

वाळवा-मिरज-पलूसच्या पाणथळ पट्ट्यातली क्षारपड जमीन ही वेगळीच डोकेदुखी. ओली खारी माती वीज वाहते आणि एका वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्राला ती धातूसारखी भासते. चांगला कान असलेला माणूस ही पसरट, लांबट खूण ओळखून सोडून देतो; थरथरीवर काम करणाऱ्याच्या मुठीत मात्र सतत गुरगुर चालते. अशा जमिनीत वारंवार काम असेल तर एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारं यंत्र, म्हणजे इक्विनॉक्स किंवा लिजेंडच्या वर्गातलं, घ्यावं. नुसतं माळरान आणि कोरडी काळी जमीन असेल तर सिंप्लेक्सने भागतं.

विजेच्या तारा, मोटारीचं स्टार्टर, रानडुकरं-गव्यांसाठी लावलेलं झटका मशीन यांचाही त्रास होतो. झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देतं आणि डिटेक्टर त्या ठोक्याला टिचकतो. ऐकणाऱ्याला ताल कळतो, थरथरीवाल्याला प्रत्येक ठोक्याला वस्तू असल्याचा भास होतो. कॉइल स्थिर धरा. तरीही ठोके येत असतील तर ते बाहेरचे. मालकाला झटका बंद करायला सांगा, नाही जमलं तर वारंवारता बदला, तेही नाही तर संवेदनशीलता कमी करा. द्राक्षबागेत लोखंडी अँगल आणि तारांमुळे २८ सेंटीमीटरची मोठी कॉइल कुचकामी ठरते. पाच-सहा इंची लहान कॉइल लावून ओळीला समांतर, खांबापासून जमेल तितकं लांब राहून झाडायचं. त्या यंत्राला लहान कॉइल मिळते का, हे खरेदीच्या वेळीच विचारावं.

खरी निवड रानात होते. मीटर-मीटरच्या अंतराने वस्तू पुरा, खुणेला लाकडी खुंट्या ठोका: चार इंची खिळा, जाड वायसर, बंद अंगठी (पितळेची चालेल), चांदीचं जोडवं, पाच रुपयांचं पिवळं नाणं आणि कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरची ॲल्युमिनियमची चकती. प्रत्येकी ५, १० आणि १५ सेंटीमीटरवर, पट्टीने मोजून. हल्लीचं एक किंवा दोन रुपयांचं नाणं घेऊ नका; ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं असतं आणि यंत्र त्याला लोखंडात ढकलतं. मग यंत्र चांगलं असूनही नापास होतं.

यादीतल्या दोन वस्तू मुद्दाम आहेत. जोडव्याचा फेर मध्ये उघडा असतो, त्यामुळे धातूत फिरणारा प्रवाह तुटतो आणि तेवढ्याच वजनाच्या बंद अंगठीपेक्षा खूण बरीच दुबळी येते. नथीचं तेच, बारीक साखळीचं त्याहून वाईट. मंगळसूत्र सापडतं ते बहुधा वाट्यांमुळे. आणि बाटलीची चकती अंगठीच्या आकड्याजवळच दाखवते. द्राक्षाच्या शेतात अशा चकत्या जिकडेतिकडे पडलेल्या असतात. या दोन्हींतला फरक तुम्हाला आवाजाने, थरथरीने किंवा आकड्याने, कशानेच कळत नसेल तर सगळ्याच चकत्या खणायची तयारी ठेवावी. कान चांगले असणाऱ्यांनाही त्या खणाव्याच लागतात, ते कबूल करत नाहीत एवढंच.

चाचणी करताना खुंट्या सोबत्याने काढून ठेवाव्यात आणि जागा त्यानेच कागदावर मांडाव्यात. तुम्ही झाडत जायचं, खूण लागली की बोट दाखवायचं, लोखंड की दुसरं तेही सांगायचं. प्रत्येक वस्तूवरून दहा वेळा, दोन दिशांनी. आठ वेळा बरोबर आलं तर त्या खोलीला यंत्र पास. आधी नुसता आवाज, मग नुसती थरथर, मग सगळं मिळून. हे वारा असलेल्या दुपारी आणि शेजारी ट्रॅक्टर चालू ठेवून पुन्हा करा. कानाच्या मशीनच्या माइकवर वारा आदळला की त्याचा घोंघाट बारीक खुणा गिळतो; पठारावर काम असेल तर कानावरून सैल मफलर किंवा मोठ्या वाटीचा हेडफोन लागतोच. दुकानातल्या फरशीवर, जिच्याखाली लोखंडी सळ्या आहेत, घेतलेली चाचणी काही सांगत नाही.

खड्डा काढल्यावर ढेकळात वस्तू शोधायला पिनपॉइंटर लागतो. त्यात स्वस्त पिझो बझर असतो आणि त्याचा आवाज २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गोंगाटाने पडलेल्या खड्ड्यातच. कितीही मोठा वाजला तरी आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळे थरथरणाराच पिनपॉइंटर घ्यावा. गॅरेटच्या प्रो-पॉइंटर एटीत आवाज बंद करून नुसती थरथर ठेवता येते आणि वस्तू जवळ आली की ठोके वाढत जातात. तो पाण्यातही चालतो. कृष्णेच्या घाटावर कामाचा. कानाचं मशीन मात्र काठावर डबीत ठेवून उतरावं.

हेडफोन घातलेला, आधीच कमी ऐकू येणारा माणूस खाली बघत उसात फिरतो तेव्हा मागून येणारा ट्रॅक्टर किंवा उधळलेला बैल त्याला कळत नाही. घोणस चावायच्या आधी मोठ्याने फुत्कारते, तीही सूचना आपल्यापर्यंत येत नाही. गमबूट घालावेत, पाचटात हात घालण्याआधी काठी घालावी, आणि सोबत्याने नेहमी समोर, नजरेच्या टप्प्यात उभं राहावं. त्याच्याकडे दुसरा डिटेक्टर असेल तर तो दहाएक मीटर लांब हवा, नाहीतर दोन्ही यंत्रं एकमेकांना ऐकून बोंबलतात. हाक मारायची नाही. हात वर म्हणजे थांब, एवढं आधी ठरवून घ्यावं.

परवानगी मालकाची घ्यावी, लेखी असली तर उत्तम. गड, लेणी, संरक्षित स्मारकं यांच्या आसपास यंत्र काढूसुद्धा नये. प्रतापगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायद्यानुसार जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. जुनी नाणी सापडली की ती घासूनपुसून सोनाराकडे न्यायची घाई करू नये.

यंत्र ठरलं की सेटिंग कागदावर उतरवून मुठीजवळ चिकटवून टाका: लोखंडाचा स्वर, बाकीचे दोन स्वर, लोखंडाचा आवाज, रिकव्हरी, कानाच्या मशीनचा प्रोग्रॅम क्रमांक. बॅटरी पूर्ण उतरली किंवा फॅक्टरी रीसेट झालं की काही यंत्रं मूळ स्वरांवर परत जातात, आणि ऐकू न येणारी खूण वाजतच नाही असं वाटत राहतं. घामाने कानाचं मशीन बंद पडायचं प्रमाण मे महिन्यात वाढतं; रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. कानाची चाचणी वर्षातून एकदा पुन्हा करावी आणि खुणा खाली सरकल्या असतील तर स्वर त्याप्रमाणे उतरवून पुरलेल्या वस्तूंवरून परत एक फेरी मारावी. त्यासाठी त्या वस्तू बांधाच्या कडेला कायमच्या पुरून ठेवलेल्या बऱ्या, फक्त जागेचा नकाशा सोबत्याकडे असू द्यावा आणि नांगरणाऱ्याला सांगून ठेवावं.